मोह, मुठेल आणि आफ्रिकेचे लोणी

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० हे दोन सन आठवतात. शिवाजी महाराजांच्या त्या दोन स्वाऱ्यांमुळे ह्या बंदराची श्रीमंती महाराष्ट्राच्या घरोघरी ठाऊक झाली. सोने, रुपे, मोती, रेशीम ह्यांची वर्णने आम्ही लहानपणापासून वाचीत आलो. परंतु ह्याच सुरतेच्या पूर्वेला, तापीच्या वरच्या अंगाला, मांडवी, महुवा, वालोड, व्यारा, सोनगड ह्या बाजूंच्या रानांत दुसरी एक संपत्ती होती. तिची मोजदाद कोणत्याही बखरकाराने केली नाही. ती म्हणजे मोहाच्या बियांतून निघणारे घट्ट, पिवळसर तेल. गुजरातीत त्या बीला डोळी आणि तेलाला डोळियुं म्हणतात. आमच्याकडे टोळंबी किंवा मोहटी म्हणतात.

ह्या तेलाची आठवण होण्यास कारण घडले ते एका परदेशी डबीचे. हल्ली पुष्कळ घरांत, विशेषतः ज्यांच्या मुलीसुना परदेशी आहेत अशा घरांत, 'शिया बटर' नावाचा पदार्थ दिसू लागला आहे. कोणी तो भेगाळलेल्या टाचांना लावते, कोणी केसांना. हे लोणी कशाचे, त्याचे सांगितले जाणारे गुण खरे किती, आणि आपल्याकडे असे काही होते की नाही, असे तीन प्रश्न सहजच पुढे येतात. ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि त्यांचा धागा सुरतेच्या ह्या रानातून जातो, असे आम्हांला वाटते.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. शिया हा आफ्रिकेतील वृक्ष. पश्चिमेस सेनेगलपासून पूर्वेस युगांडा व इथिओपियापर्यंत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला जो गवताळ कोरडा पट्टा आहे, त्यात तो आपोआप उगवतो. फळ धरण्यास त्याला १५ ते २० वर्षे लागतात. मग तो दीडदोनशे वर्षे फळत राहतो. फळाचा गर खातात, आणि आतल्या बीतून जी चरबी निघते तेच हे लोणी. दुधाशी त्याचा काही संबंध नाही.

आता ह्या वृक्षाचे कुल पाहिले तर वाचकांना नवल वाटेल. वनस्पतिशास्त्रात ते मधूक कुल होय. म्हणजे ज्या मोहाला संस्कृतात मधूक म्हणतात, त्याच्याच नावाने आम्ही ओळखतो ते कुल. आमचा चिकू ह्याच कुलातला. गुजरातेत जिला रायण म्हणतात ती खिरणीही ह्यातलीच. आणि गोव्याच्या देवळांच्या परिसरात जिच्या फुलांचा सडा पडतो, ज्या फुलांना कोंकणीत 'ओंवळां' म्हणतात, ती बकुळही ह्याच कुलातली. शिया आणि मोह ह्यांचे साम्य युरोपीय शास्त्रज्ञांना इतके जवळचे वाटले होते, की १९व्या शतकात दोघांनाही 'बासिया' ह्या एकाच गणात बसविण्यात आले होते. पुढे गण वेगळे झाले, कुल मात्र एकच राहिले. तेव्हा ती परदेशी डबी उघडताना आम्ही परक्या घरात पाऊल टाकीत नाही. दूरच्या चुलतघरी जात आहोत.

ही दोन्ही घरे स्वतः पाहिलेला एक प्रवासी इतिहासाला ठाऊक आहे. मोरोक्कोतील तांजिअरचा इब्न बतूता १३२५त घराबाहेर पडला. तो मुहम्मद तुघलकाच्या दरबारी दिल्लीस आला आणि काही वर्षे राहिला. हिंदुस्थानातील फळांचे वर्णन करताना त्याने मोहाचा उल्लेख केला आहे. मोहाची फुले उन्हात वाळवली म्हणजे अंजिरासारखी लागतात, म्हणून आपण ती अंजिरांच्या जागी खात असू, असे तो सांगतो. आणि बियांच्या तेलाचे दिवे जळतात, हेही तो टिपून ठेवतो. पुढे १३४२त दिल्लीहून निघून तो खंबायतेस आला. सुरतेच्या उत्तरेस, भरूच प्रांतात गंधार नावाचे बंदर होते. तेथे तो जहाजात बसला आणि किनाऱ्याने खाली गोवे आणि होन्नावरपर्यंत गेला. म्हणजे आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या पूर्वजांचा जो किनारा, तोही त्याने पाहिला.

ह्यानंतर दहा वर्षांनी, १३५२त, हाच मनुष्य सहारा ओलांडून माली देशात गेला. तेथे त्याला शियाचे फळ दिसले. त्याच्या बियांतून काढलेल्या तेलाचे उपयोग त्याने नोंदविले आहेत. त्या तेलात अन्न शिजवितात, त्याचे दिवे लावितात, ते अंगाला चोळतात, आणि मातीत मिसळून घरांना लिंपितात. दिल्लीकडील मोहाच्या तेलाचा दिवा आणि मालीतील शियाच्या तेलाचा दिवा ह्या एका माणसाच्या डोळ्यांनी पाहिला. शिया अंगाला चोळण्याची चाल निदान साडेसहाशे वर्षांची आहे, ह्याला त्याची ही साक्ष पुरेशी आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या कारखानदारांनी हा शोध लावलेला नाही.

युरोपला शियाची ओळख झाली ती फार उशिरा. मंगो पार्क हा स्कॉटिश वैद्य नायजर नदीचा शोध घेत १७९६त सेगू राज्यात पोचला. त्याचा प्रवासवृत्तांत १७९९त छापला गेला. गाईच्या लोण्यापेक्षा हे लोणी पांढरे आणि घट्ट असते, आणि मिठावाचून वर्षभर टिकते, असे त्याने लिहिले. ह्याच सुमारास आमच्याकडे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पहिल्या ग्रंथात, १७८८त, चार्ल्स हॅमिल्टन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मोहाच्या झाडावर स्वतंत्र लेख लिहिला होता. पण मोहाची जुनी ओळख आमच्या स्वतःच्याच ग्रंथांत आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वनस्पतींपासून मिळणाऱ्या स्नेहांची जी यादी आहे, तीत तीळ, एरंड, करंज ह्यांच्या पंक्तीला मधूकही बसला आहे. कालिदासाने कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात पार्वतीला विवाहासाठी सजविताना तिच्या केशपाशाभोवती मधूकपुष्पांचीच माळ गुंफली आहे. तमिळ देशात ह्या वृक्षाच्या दक्षिणेकडील जातीला इलुप्पै म्हणतात. तेथे इलुप्पैपट्टु नावाच्या गावी शिवमंदिराचा स्थलवृक्ष हाच आहे, आणि देवापुढील दिव्यासाठी त्याचे तेल परंपरेने मान्य आहे.

हे तेल निघते कसे, ते पाहू. चैत्राच्या आसपास मोहाची फुले गळतात. फळे पिकतात ती मृगाच्या सुमारास. गर गुरांना किंवा मुलांना जातो, बी वाळवून ठेवतात. मग कवच फोडायचे, आतला मगज वाळवून कुटायचा, वाफवायचा आणि दाबून तेल काढायचे. मगजाच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल निघते. थंडीत ते तुपासारखे थिजते आणि सुरतेच्या उन्हाळ्यात वितळून वाहू लागते. आफ्रिकेत शियाची रीत थोडी निराळी. बी उकळून वाळवितात, फोडून भाजतात, दळतात. मग त्या पिठात पाणी घालून हातांनी तासन् तास घुसळतात. ताक घुसळताना लोणी वर यावे तशी चरबी वर येते. ती काढून कढवितात. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी आहे. वेचणे, वाहणे, फोडणे, वाळविणे हे सारे मुख्यतः बायकांच्या हातचे काम आहे. शियावर आज आफ्रिकेत लक्षावधी स्त्रियांचा संसार चालतो. डांगाच्या आणि तापीकाठच्या चौधरी, गामीत, भिल्ल, कोकणा स्त्रियांच्या डोळी वेचण्याचीही हीच कथा आहे. ह्यांपैकी कोकणा लोक तर आपले पूर्वज कोकणातून वर आले अशी परंपरा सांगतात. त्यांचे नावच ती सांगते.

मग शियाला जगाचे बाजार मिळाले, आणि मोह मागे का पडला? ह्याची कारणे अनेक आहेत, पण त्यांतील एक सुरतेच्या इतिहासात ठळकपणे दिसते. मोहाच्या बीतून जसे तेल निघते, तशी त्याच्या फुलांतून दारू निघते. इंग्रज सरकारला वृक्षाची दुसरी बाजू तेवढी महत्त्वाची वाटली. १८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने घरगुती भट्टी बेकायदा झाली आणि दारू गाळण्याचा व विकण्याचा मक्ता ठेकेदारांकडे गेला. १८९२च्या मोहवा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. आदिवासींचे अन्न, तेल, सरपण आणि सावली देणारा वृक्ष सरकारी दप्तरात संशयित ठरला. दुसरीकडे सुरत जिल्ह्यातील आदिवासी दारूच्या पिठ्यांवर कर्जबाजारी होऊन आपल्या जमिनी गमावीत होते.

ह्याला उत्तर मिळाले ते कोणत्याही कचेरीतून नव्हे. १९२२च्या अखेरीस पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली एक धार्मिक लाट सुरगाणा व डांगातून सुरत जिल्ह्यात आणि बडोदे संस्थानच्या मुलखात शिरली. लोक गावाबाहेर जमत. ज्यांच्या अंगात देवी येई ते तिच्या आज्ञा सांगत. दारू व ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, घर व कपडे स्वच्छ ठेवा, दारूवाल्याची चाकरी करू नका, अशा त्या आज्ञा होत्या. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन ह्यांनी १९८७त ह्या चळवळीवर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. आम्हांला त्यात विशेष वाटते ते हे की, ह्या लोकांनी आपल्या देहाच्या शुद्धीचा आणि आपल्या जमिनीच्या सुटकेचा विचार एकत्र केला. स्नान आणि स्वातंत्र्य ह्या गोष्टी त्यांना निराळ्या वाटल्या नाहीत. फुलांची दारू सोडण्याची ती आज्ञा होती. बीच्या तेलावर तिचा काही आक्षेप नव्हता.

तेलाला मात्र दुसऱ्याच दिशेने उतरती कळा लागली. पहिल्या महायुद्धापूर्वी मोहाचे बी जहाजांनी युरोपात, विशेषतः जर्मनीत, जाई. तेथे त्याचा साबण आणि कृत्रिम लोणी होई. पुढे देशातच ते साबणाच्या कारखान्यांत जाऊ लागले. कारखान्याला लागते ते स्वस्त तेल. मग बी ओले की वाळलेले, तेल ताजे की खवट, ह्याची पारख कोण करणार? जे तेल घरात तव्यावर, दिव्यात आणि अंगाला चालत होते, ते हळूहळू 'कपड्यांच्या साबणाचे तेल' झाले. शियाच्या बाबतीत युरोपीय कारखानदारांनी शुद्ध करण्याची, गाळण्याची आणि नाव देण्याची मेहनत घेतली. मोहाला ती मेहनत लाभली नाही.

इब्न बतूताचे जहाज गंधारहून ज्या वाटेने खाली गेले, त्याच वाटेने आता आम्ही कोकण-गोव्याकडे वळू. कारण शियाचा सर्वांत जवळचा जोडीदार गुणांच्या दृष्टीने तेथेच आहे. तो म्हणजे आमचे भिरंड, अर्थात कोकम. त्याचे कुल निराळे. पण बीतील चरबी शियापेक्षाही घट्ट. गोव्यात १५६३त छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने ह्या फळाची नोंद 'ब्रिंदाँव' अशी केली आहे. आमच्या 'भिरंड' शब्दाचेच ते पोर्तुगीज रूप. आमसुले वा सोलां करून झाल्यावर उरलेले बी वाळवायचे, कुटायचे, पाण्यात उकळायचे, आणि वर तरंगलेली चरबी काढून तिचे गोळे वळायचे. हेच मुठेल किंवा भिरंडेल. थंडीत फुटलेले ओठ आणि भेगाळलेल्या टाचा ह्यांवर ते लावणाऱ्या आज्या आमच्यांपैकी पुष्कळांनी पाहिल्या आहेत. मुंबईत विल्यम डायमॉक ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १८९०च्या सुमारास हिंदी औषधी वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यातही कोकमाच्या ह्या तेलाला स्थान आहे.

गमतीची गोष्ट अशी की, शिया आणि कोकम ह्यांची गाठ शेवटी युरोपच्या कायद्यात पडली. चॉकलेटमध्ये कोकोच्या चरबीखेरीज कोणत्या वनस्पतींच्या चरबी मिसळाव्यात, ह्याचा निर्णय युरोपीय संघाने २००० साली दिला. अशा सहाच चरबींना शेकडा पाचपर्यंत परवानगी मिळाली. त्यांत शिया आहे, आणि आमच्याकडील साल, कोकम व आंब्याची कोय ही तिन्ही आहेत. ज्या कोयी आणि बिया आम्ही उकिरड्यावर टाकतो, त्या शियाच्या पंगतीला बसल्या. मोह तेथेही नाही.

आता गुणांविषयी. आमच्या वाचकांशी ह्या बाबतीत स्पष्ट बोलणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशींच्या फटी स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. वय, थंडी, कोरडी हवा आणि कडक साबण ह्यांनी ती द्रव्ये कमी झाली म्हणजे आतले पाणी उडून जाते. त्वचा खरखरीत होते, फुटते, खाजते. शिया, मोह किंवा मुठेल ह्यांचा मुख्य उपयोग हाच, की ती हे पाणी उडणे कमी करतात आणि त्वचा मऊ ठेवतात. म्हणून ती स्नानानंतर अंग ओलसर असतानाच, थोडी आणि पातळ लावावीत. कोरड्या अंगावर जाड थर देऊन अर्धा लाभ वाया जातो. शियात स्टिअरिक व ओलेइक ही स्निग्धाम्ले बहुतांश असतात. शिवाय साबण न होणारा असा भाग त्यात इतर तेलांपेक्षा बराच जास्त असतो, आणि दाह शमविणारी काही द्रव्ये ह्याच भागात आढळतात. कोकमात स्टिअरिकचे प्रमाण निम्म्याहून अधिक. त्यामुळे ते सुमारे ४० अंशांपर्यंत घट्ट राहते. टाचा, कोपरे, ओठ ह्यांना म्हणूनच ते सोयीचे. मोहाचे तेल अधिक मऊ, सर्वांगाला चोळण्यास सोपे.

केसांच्या बाबतीत ही लोणी केसाच्या बाहेरून पातळ लेप देतात. त्यामुळे केस एकमेकांवर कमी घासतात, विंचरताना कमी तुटतात, टोके कमी फाटतात. कुरळ्या आणि कोरड्या केसांना ह्याचा लाभ विशेष, तेलकट डोक्याला अगदी थोडा. केसाच्या आत शिरण्याचा गुण मात्र आमच्या खोबरेल तेलाचा. धुताना केसांतील प्रथिनांची झीज ते कमी करते, असे मुंबईतील संशोधकांनी २००३त प्रयोगाने दाखविले. तेव्हा शियामुळे खोबरेलाची बाटली फेकून देण्याचे कारण नाही.

आणि जे होत नाही तेही सांगितले पाहिजे. ह्यांपैकी कोणत्याही लोण्याने टक्कल पडलेल्या डोक्यावर केस उगवत नाहीत, रंग उजळत नाही, उन्हापासून पुरेसे संरक्षण मिळत नाही. चेहऱ्यावर पुटकुळ्या येण्याची प्रकृती असेल तर जपून वापरावे. चिघळलेली जखम, भाजणे, वाढता इसब ह्यांसाठी वैद्य-डॉक्टरकडेच जावे. मोहाची पेंड कडू व विषारी असते, मासे तिने मरतात. म्हणून घाणीतले न गाळलेले तेल डोळ्यांजवळ नेऊ नये. नवे काहीही लावण्यापूर्वी हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. वाग्भटाने दिनचर्येत अभ्यंगाचा उपदेश करताना मस्तक, कान व पाय ह्यांकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले आहे. नित्य, थोडे आणि योग्य जागी, हे सूत्र शियालाही लागू पडते.

ह्या साऱ्यातून आम्हांला जे म्हणावयाचे आहे ते शिया विरुद्ध मोह असा कलह नव्हे. शिया चांगला आहे, आणि त्याच्या मागे असलेल्या आफ्रिकी स्त्रियांच्या कष्टांना योग्य मोल मिळावे, अशीच आमची भावना आहे. पण आमच्या दारच्या स्त्रियांचे काय? २००६च्या वनाधिकार कायद्याने रानातील गौण उपजांवर तेथील रहिवाशांचा मालकी हक्क मान्य केला. २०१३-१४त केंद्र सरकारने अशा उपजांसाठी किमान आधारभूत किंमत ठरविण्याची योजना सुरू केली. पहिल्याच यादीत मोहाचे बी होते, आणि गुजरात व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये योजनेत होती. कायदा झाला, किंमत ठरली. परंतु वस्तूला गिऱ्हाईक असल्यावाचून किमतीला अर्थ येत नाही. ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही.

१९६०त मुंबई राज्याची दोन राज्ये झाली. सुरत, डांग गुजरातेत गेले. नवापूरच्या रेल्वे स्थानकातून तर राज्यांची सीमा गेली आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंचे मोह मात्र एकाच महिन्यात फुलतात. सुरत-भुसावळ गाडीने खानदेशातून सुरतेच्या गिरण्या-कारखान्यांत आलेली हजारो मराठी कुटुंबे त्याच झाडांवरून जातयेत असतात. झाड जोवर विकण्याजोगे काही देते, तोवर ते राखले जाते. तेलाला किंमत नाही असे ठरले, की कुऱ्हाडीला किंमत येते. म्हणून पुढच्या वेळी घरात शियाची डबी येईल तेव्हा ती आनंदाने वापरावी. आणि तीबरोबर कोकणातून एक मुठेलाचा गोळा, डांग किंवा तापीकाठच्या एखाद्या सहकारी संस्थेकडून एक शिशी मोहाचे शुद्ध तेल मागवावे. देवापुढे एखादी वात त्याचीही लावून पाहावी. इब्न बतूताने ज्या दिव्याची नोंद केली, तो आमच्या घरात विझू नये, एवढीच आमची इच्छा आहे.